निळं हवं, पण किती वाजता?

मागच्या अंकात पांढऱ्या फुलांवर लिहिलं आणि टपालाचा रंगच पालटला. आता सगळ्यांना निळी-जांभळी बाग हवी आहे. एकसारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. पहिलं पत्र मात्र जवळजवळ जसंच्या तसं देते, कारण बऱ्याच जणांची उत्तरं त्यातच येऊन जातील.

ताई, मला गच्चीवर फक्त निळ्या-जांभळ्या फुलांची बाग करायची आहे. फोनवर फोटो बघून हौसेनं रोपं आणली: गोकर्ण, इव्हॉल्व्ह्युलस, मॉर्निंग ग्लोरी, गडद जांभळी पिटुनिया. रोपं छान वाढली आहेत. पण मी संध्याकाळी कामावरून आल्यावर गच्चीवर जाऊन बसते, तेव्हा सगळं नुसतं हिरवं दिसतं. शिवाय फोटोत जे निळं होतं ते प्रत्यक्षात जांभळंच निघालं. सगळं काढून नव्याने सुरुवात करू का?

काढू नका. रोपांना काही झालेलं नाही, तुमची आणि त्यांची वेळ जुळत नाही एवढंच. निळ्या फुलांबद्दल कोणी सल्ला मागितला की मी ऊन-माती विचारायच्या आधी विचारते, तुम्ही बाग किती वाजता बघता?

मॉर्निंग ग्लोरी नावाप्रमाणे सकाळची. ऊन चढलं की मिटायला लागते आणि ते फूल पुन्हा उघडत नाही. इव्हॉल्व्ह्युलसची बटणाएवढी निळी फुलंही दुपारनंतर मिटतात. म्हणजे तुमची अर्धी बाग तुम्ही घरी यायच्या आत फुलून संपलेली असते. गोकर्ण आणि पिटुनिया संध्याकाळी झाडावर असतात, पण गडद असतात, आणि गडद जांभळा उजेड कमी झाला की हिरव्या पानांत बुडून जातो. चार पावलांवरूनही दिसत नाही.

फिकट निळ्याचं नेमकं उलटं आहे. दिवस मावळताना आपली नजर बदलते. भर उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि मंद उजेडातल्या पेशी पुढे येतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळसर-हिरवट छटा मात्र चांगल्या जाणवतात. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने 1819 मध्ये ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. कधी लाल जास्वंद आणि फिकट निळा प्लंबागो शेजारी शेजारी ठेवून दिवेलागणीला बघा. दुपारी डोळ्यांत भरणारी जास्वंद काळवंडते आणि दुपारी धुवट वाटणारा प्लंबागो उजळतो.

तेव्हा तुमच्यासाठी पहिलं झाड प्लंबागोच. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, उन्हाला खमका, बारा-चौदा इंचांच्या कुंडीत वर्षानुवर्षं राहतो. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बहर ओसरला की कात्री चालवायची, हात आखडता घ्यायचा नाही. फुलाखालचा भाग चिकट असतो, कपड्यांना लागतो. म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, कठड्याकडे ठेवा.

दुसरी पेट्रियाची वेल. तिचे निळसर-जांभळे तुरे मला सगळ्यात आवडतात. मधलं गडद फूल चार-दोन दिवसांत गळतं, पण त्यामागची फिकट चांदणी, म्हणजे निदलं, कित्येक दिवस तशीच राहतात. आपण ज्याला फूल समजतो ते बहुतेक वेळा ही चांदणीच असते. पानं हाताला खरखरीत, थेट काचपेपरसारखी लागतात. कुंडी मोठी हवी, आधार पक्का हवा आणि धीर हवा. लहान रोपाला पहिल्या वर्षी काही येईल अशी आशा ठेवू नका. तिसरा निळा साल्व्हिया, तोही फिकट छटेचा. सुकलेले तुरे खुडत राहिलं तर नवे येत राहतात.

तुमच्याकडची गडद फुलं उजळवायला निळ्यात आणखी निळा घालून काही होणार नाही. पिटुनियाच्या कुंडीला लागून पांढरी सदाफुली ठेवा किंवा चंदेरी पानांचं डस्टी मिलर. पिवळंही चालेल, पण लिंबासारखं फिकं पिवळं. भडक केशरी झेंडूशेजारी फिकट निळा बिचारा दिसतो. गोकर्णाची जागा बदला. खुर्चीच्या अगदी हाताशी, डोळ्यांच्या उंचीवर आणा. निळा रंग असतो त्यापेक्षा लांब असल्यासारखा वाटतो. लहान गच्चीच्या टोकाला फिकट निळं लावलं तर गच्ची मोठी भासते, हा फायदा. पण जे फूल बघायचं आहे ते लांब ठेवलं तर हरवतं.

मॉर्निंग ग्लोरी सुट्टीच्या सकाळसाठी राहू द्या. तिची आकाशी जात असेल तर पहाटे कळी नीट बघा, ती लालसर जांभळी असते. उमलताना पाकळीतल्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 6.6 वरून 7.7 पर्यंत चढतो आणि त्याच रंगद्रव्याचा रंग निळा होतो.

फोटोचं म्हणाल तर फोनचा कॅमेरा जांभळ्याला निळं दाखवण्यात पटाईत आहे. त्यावर विकणाऱ्याचा हात फिरला की काय विचारता! माझा नियम साधा आहे. निळं झाड फुलावर असतानाच विकत घ्यायचं, आणि घेण्याआधी कुंडी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात नेऊन बघायची. नर्सरीवाले वैतागतात, वैतागू देत.

माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं, तर पाणी जांभळट गुलाबी झालं. म्हणजे आम्लाने निळं जातं. मग हायड्रेंजियाची माती आम्ल केली की फुलं निळी होतात असं तुम्ही लोक कसं सांगता? आमचा हायड्रेंजिया आणला तेव्हा निळा होता, आता पूर्ण गुलाबी झाला आहे.

मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिने केलेला प्रयोग बरोबर आहे आणि आम्ही सांगतो तेही बरोबर आहे, कारण दोन्हीकडे काम वेगळं चालतं.

गोकर्णाच्या पाण्यात आम्ल थेट रंगद्रव्याला भेटतं आणि त्याचा रंग बदलतं. हायड्रेंजियात मातीची आम्लता फुलापर्यंत पोचतच नाही. तिचं काम मुळांपाशी संपतं. मातीत अॅल्युमिनियम असतं, पण अल्कधर्मी मातीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. सामू 5.5 च्या खाली गेला की ते विरघळतं, मुळं ते शोषतात आणि ते वर चढून फुलात जातं. तिथे रंगद्रव्य, अॅल्युमिनियम आणि आणखी एक रंगहीन जोडीदार पदार्थ एकत्र आले की निळा दिसतो. अॅल्युमिनियम नसेल तर तेच रंगद्रव्य गुलाबी. सामू साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये असेल तर एकाच झाडावर गुलाबी, जांभळट, निळसर अशी सरमिसळ दिसते. मला ती फार आवडते, पण तुम्हाला निळंच हवं आहे.

तुमचं झाड गुलाबी का झालं असावं याची तीन कारणं बघा. पहिलं पाणी. जड, क्षारांचं पाणी रोज घातलं की माती हळूहळू अल्कधर्मी होते. शक्य असेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. दुसरं भांडं. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपतो. हायड्रेंजिया प्लास्टिकच्या किंवा मातीच्या कुंडीत हलवा. तिसरं खत. हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट अशी स्फुरद जास्त असलेली खतं अॅल्युमिनियमला बांधून टाकतात. ती बंद करा.

आणि एक गोष्ट बहुतेक लेखांत राहून जाते. निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेल्या झाडाला आम्ल कितीही द्या, आत अॅल्युमिनियमच नसेल तर निळा येणार कुठून? ते बाहेरून द्यावं लागतं. अॅल्युमिनियम सल्फेट, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा. आधी कुंडी साध्या पाण्याने भिजवून घ्या आणि मगच हे द्या, नाहीतर मुळं भाजतात. नुकतंच लावलेलं रोप असेल तर यातलं काही करू नका, आधी त्याला रुळू द्या. कळ्या धरायच्या आधीपासून सुरुवात करायची; उमललेला गुलाबी गुच्छ रातोरात निळा होणार नाही, परिणाम पुढच्या बहरात दिसतो. तुमचा हायड्रेंजिया मुळात निळा होता, म्हणजे तो पुन्हा निळा होऊ शकतो. पांढऱ्या जातींच्या मागे मात्र कोणी लागू नका, त्या बदलत नाहीत.

निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन मिळतंय. घ्यावं का?

नाही.

एवढंच लिहून थांबणार होते, पण हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की थोडं सांगते. गुलाबाच्या पाकळीत निळं रंगद्रव्य, डेल्फिनिडिन, तयारच होत नाही. पॅन्झीमधलं जनुक गुलाबात घालून एका जपानी कंपनीने निळा गुलाब तयार केला आणि 2009 मध्ये तिथल्या बाजारात ‘अप्लॉज’ नावाने विकायला आणला. इतका खटाटोप करून रंग आला तो फिकट जांभळा, कारण नुसतं रंगद्रव्य असून भागत नाही, पाकळीतला रसही जुळावा लागतो आणि गुलाबाचा रस आम्ल असतो.

उलट उदाहरण कॉर्नफ्लॉवरचं आहे. त्याच्या गर्द निळ्या फुलात जे रंगद्रव्य आहे ते लाल गुलाबातही असतं, सायनिडिन. कॉर्नफ्लॉवरमध्ये ते लोह, मॅग्नेशियम अशा धातूंबरोबर आणि जोडीदार पदार्थाबरोबर बांधलं जातं म्हणून निळं दिसतं. गुलाबात ती बांधणी होत नाही.

दुकानात दिसणारे शाईसारखे निळे गुलाब म्हणजे रंगाच्या पाण्यात उभी केलेली पांढरी फुलं. निळ्या ऑर्किडचंही तेच. दांड्यात रंग टोचलेला असतो, पुढचा दांडा पांढऱ्या फुलांचा येतो. आणि समजा निळा गुलाब असताच, तरी गुलाबाचं बी पेरून आईसारखं झाड येत नाही. म्हणून तर गुलाबाची कलमं करतात. गुलाबच हवा असेल तर ‘ब्लू मून’चं कलम लावा. नावात निळा आहे, रंग फिकट जांभळा आहे, सुगंध मात्र अस्सल.

गोकर्णाचा वेल मांडवभर पसरला आहे, पानं टवटवीत आहेत, फूल एकही नाही. दर पंधरवड्याला खत घालतो.

त्या खतानेच फूल अडवलं आहे. गोकर्ण शेंगवर्गातला वेल, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून नत्र मिळवतो. वर आणखी नत्र मिळालं की तो पानं वाढवत बसतो. खत थांबवा. पाणीही थोडं ओढून धरा, आणि सावलीत असेल तर दिवसाचं पाच-सहा तासांचं ऊन मिळेल असं करा. शेंगा धरल्या असतील तर खुडा, बियांसाठी चार ठेवल्या की पुरे. पुढच्या वेळी बी पेरण्याआधी रात्रभर भिजत घाला, साल फार टणक असते.

जाता जाता एक. गोकर्णाचं फूल चक्क उलटं असतं. वाटाण्याच्या कुळात जी मोठी पाकळी वर असायची ती इथे खाली पसरलेली असते. वेलावर येईल तेव्हा बघा.

आमच्या अंगणात मोठ्या झाडाची सावली आहे. सकाळी तासभर कोवळं ऊन येतं, बाकी दिवस नाही. निळं-जांभळं काही येईल का?

येईल, आणि उन्हातल्यांपेक्षा तुमची निवड जास्त देखणी होईल. थेट उन्हात फिकट निळं फिकं पडतं, सावलीत ते थंड आणि खोल दिसतं.

कायमचं झुडूप म्हणून एरान्थेमम लावा. पानं ठसठशीत शिरांची असतात आणि थंडी सरताना, बाकी बाग सुस्तावलेली असताना, तुरे येतात. त्याचा निळा खरोखर निळा आहे. दुसरं, क्लेरोडेंड्रमच्या कुळातलं निळ्या फुलपाखरांचं झुडूप. चार पाकळ्या फिकट, एक गडद, आणि लांब वळलेले पुंकेसर मिशांसारखे बाहेर आलेले. मुळांतून फुटवे काढतं, ते वेळच्या वेळी उपटा. मेयेनियाही चालेल, जांभळं फूल आणि पिवळा घसा, पण तासभर उन्हात तो फुलं हात राखून देईल. हंगामी हवं असेल तर टोरेनिया. माती कायम ओलसर ठेवा, चिखल नको.

आता अडचण. मोठ्या झाडाखाली सावली कमी त्रास देते, मुळं जास्त. जमिनीत लावलेल्या रोपाचं पाणी मोठं झाड पिऊन टाकतं. रोपं मोठ्या कुंड्यांत लावून कुंड्या झाडाखाली ठेवा आणि कुंडीखाली विटा द्या, नाहीतर तळाच्या भोकातून मुळं आत शिरतात.

लॅव्हेंडर दर वेळी मरतं. पाणी तर रोज घालते.

म्हणूनच मरतं. त्याला कोरडी हवा, चुनखडीची, भरभर निचरा होणारी माती आणि कडक ऊन लागतं. दमट उष्ण हवा आणि ओली मुळं म्हणजे कूज ठरलेली. दातेरी पानांची फ्रेंच जात थोडी जास्त तग धरते, तीही मातीत निम्मी जाड वाळू घालून आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी देऊन. हवा दमट असेल तर मी हट्ट सोडायला सांगीन. निळ्या साल्व्हियाचे तुरे लांबून तसेच दिसतात. वास नाही, हे मान्य. वासासाठी निर्गुडी लावा: पानं उग्र सुगंधी, निळसर तुरे बारीक, आणि मारून मरत नाही.

घरात दीड वर्षाचं बाळ आहे आणि कुत्रा आहे. निळ्या-जांभळ्या फुलांतलं काय टाळू? आणि निळ्या फुलांवर मधमाश्या जास्त येतात हे खरं का?

टाळा: दुरांता, त्याची पिवळीकेशरी फळं मुलांना खावीशी वाटतात आणि ती विषारी आहेत. ब्रन्फेल्सिया, जो जांभळा उमलून पुढच्या दोन-तीन दिवसांत फिकट होत पांढरा होतो. झाड फार सुंदर, पण कुत्र्यांना घातक, विशेषतः फळं आणि बिया. लार्कस्पर सगळाच विषारी. मॉर्निंग ग्लोरीच्या बियाही. या सगळ्यांना बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रजा द्या. कुत्रा आहे तोवर ब्रन्फेल्सियाला कायमचीच. पॅन्झी, टोरेनिया, साल्व्हिया यांवर भागवा. बाळाने माती तोंडात घालू नये याची काळजी तशीही घ्यावीच लागेल.

मधमाश्यांचं खरं आहे. त्यांना निळा, हिरवा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो, निव्वळ लाल दिसत नाही. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने राखाडी कागदांच्या गर्दीत निळा कागद ठेवून दाखवून दिलं की मधमाश्या रंग ओळखतात. फुलावर कामात असलेली मधमाशी आपल्या वाटेला जात नाही. मात्र घरात कोणाला दंशाची अॅलर्जी असेल तर साल्व्हियासारखी मधाची फुलं दारा-खिडकीपासून लांब ठेवा आणि जवळ रंग पानांतून आणा: जांभळा कोलियस, पर्पल हार्ट. कोलियसला तुरा आला की खुडायचा, त्याने पानंही चांगली राहतात. पर्पल हार्टचा चीक कातडीला खाजतो, तो बाळाच्या आणि कुत्र्याच्या आवाक्याबाहेर टांगा.

मोठ्या टबात पाणवनस्पती लावायच्या आहेत. जलपर्णीची फुलं किती सुरेख! चालेल का?

फुलं सुरेखच, पण नको. मूळची अॅमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. टब भरला की माणूस जास्तीची उचलून जवळच्या नाल्यात टाकतो आणि पुढचं नदी भोगते. निळी कुमुदिनी लावा. दिवसा उमलते, पाच-सहा तास ऊन हवं, पानं पाण्यावर तरंगतात. निळ्या कमळाचे म्हणून जे फोटो फिरतात ते बहुतेक हिचेच असतात. खऱ्या कमळात निळा रंग नाही, त्यामुळे ‘निळ्या कमळाचं बी’ दिसलं की वरचं गुलाबाचं उत्तर पुन्हा वाचा. टबात गप्पी मासे सोडायला विसरू नका.

जागा भरपूर आहे. नीलमोहर लावू की ताम्हण?

जमीन पाणी धरणारी असेल तर ताम्हण, निचऱ्याची असेल तर नीलमोहर. दोन्ही मोठे वृक्ष आहेत, भिंतीपासून निदान सहा-सात मीटर सोडा. नीलमोहराच्या फुलांचा सडा ओल्या फरशीवर फार निसरडा होतो, तेव्हा गाडी लावता तिथे किंवा पायऱ्यांवर तो नको.